वरच्या कप्प्यातली सुरमई

मुलांच्या फीसाठी मदत मागणारा अर्ज आखातातल्या आमच्या मराठी मंडळाकडे आला की त्या कुटुंबाचं घर बघून यायचं काम माझ्याकडे असे. बारा वर्षं ते केलं. परवा निरोपाच्या कार्यक्रमात अध्यक्ष म्हणाले, "काकांचा रिपोर्ट म्हणजे फायनल. डोळे मिटून सही करायची." टाळ्या झाल्या. मी हात जोडून बसून राहिलो. तेव्हा उठून जे बोलायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

घर बघायची माझी एक रीत होती. बसल्या बसल्या पाणी मागायचं आणि "तुम्ही कशाला आणता, मीच येतो" म्हणत बाईंच्या मागोमाग किचनमध्ये शिरायचं. फ्रीज उघडला की घर कळतं, असं मी नव्या सभासदांना ऐटीत सांगत असे.

ते कुटुंब रत्नागिरीकडचं, मुसलमान. शारजातल्या जुन्या इमारतीत एका फ्लॅटमध्ये तीन बिऱ्हाडं, त्यातली एक खोली यांची. नवरा वेल्डर. अल क्वोजमधलं त्याचं वर्कशॉप बंद पडलेलं, दिवसभर काम शोधत फिरायचा. फी भरली नाही तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, असं नववीतल्या मोठ्या मुलीला शाळेनं कळवलं होतं. धाकटी सहा वर्षांची.

मी पाणी मागितलं. बाईंनी फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात सुरमई, अंडी, फळं.

"फ्रीज तर भरलेला आहे की तुमचा!" मी हसत म्हणालो.

धाकटी लगेच म्हणाली, "नो अंकल, दॅट्स आंटीज. अवर्स इज द बॉटम वन."

"गप गं!" आईनं तिला मागे ओढलं.

खालच्या कप्प्यात भाताचं पातेलं आणि अर्धा कांदा होता. मी तो पाहिला.

मी निघालो तर बाई दारात आडव्या. "काका, आपल्या मुलखातले तुम्ही. नुसत्या पाण्यावर कसे जाल?" मग शेजारच्या खोलीपाशी जाऊन त्या हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. आतून ऐकू आलं, "अगं, विचारतेस काय? घे की! तुझा पाहुणा तो माझापण पाहुणा."

तव्यावर सुरमई चुरचुरली. मी दोन तुकडे खाल्ले. मोठी मुलगी पुस्तक बाजूला ठेवून वाढत होती.

रिपोर्टात मी लिहिलं: फ्रीज भरलेला. जेवणात सुरमई. मदतीची निकड दिसत नाही.

ऊद मेथा भागात मंडळाची मीटिंग झाली, तिथे तो वाचला तेव्हा खजिनदार म्हणाले, "सुरमई? मग आपणच अप्लाय करू त्यांच्याकडे!" सगळे हसले. मीही हसलो. त्या वर्षी अर्ज फार होते, कुणाला तरी गाळायचंच होतं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. खोटे अर्ज पकडणारा माणूस म्हणून माझं नाव झालं होतं, आणि ते मला गोड लागत होतं.

परीक्षेच्या आधीच बाई दोन्ही मुलींना घेऊन गावी गेल्याचं कळलं. रिपोर्ट दुरुस्त करायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी केला नाही.

चार वर्षांनी मुलासोबत खोर फक्कानला गेलो होतो. चहाच्या दुकानात एकानं हाक मारली, "सलाम काका! ओळखलंत?" तोच वेल्डर. रिपोर्ट लिहिल्यावर एकदा फॉर्मवर सही घ्यायला मी त्याला भेटलो होतो. आता तिथे गॅरेजमध्ये कामाला होता. त्यानं माझा चहा मागवला. मुलींचं विचारलं तर म्हणाला, "धाकटी शिकते. मोठीचं तेव्हा सुटलं ते सुटलंच. मागच्या साली निकाह केला तिचा. हुशार होती हो."

मग त्यानं विचारलं, "मंडळाचं जाऊ दे. पण काका, तुम्ही बोलला होतात ना आमच्यासाठी?"

मी म्हणालो, "बोललो होतो. खूप बोललो. पण ऐकलं नाही कुणी."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

मी बोललो नव्हतो. ते घर मी एकट्यानंच नापास केलं होतं.