जबड्याची पारख

निपाणीच्या बैलबाजारात आप्पासाहेबांनी चाबकाचा दांडा माझ्या तोंडात घातला आणि वरचा ओठ उचलला. हाताला विटाळ नको म्हणून दांडा. त्यानेच त्यांनी नुकतेच एका खोंडाचे दात पाहिले होते. खोंडाची लाळ अजून ओली होती. त्या चवीविषयी अधिक लिहिणार नाही.

आप्पासाहेब कोगनोळीकडचे वतनदार. पाडव्याला सालगडी ठेवायचा तो बैलासारखे दात पाहून, ही त्यांच्या घरची रीत. वडील त्यांच्याकडे राबून थकले होते. आता माझी पाळी. मला ठेवून घेतले नाही, तर झोपडी सोडावी लागणार होती, जागा त्यांची.

लहानपणी माझे दात नीट जुळत. चौदाव्या वर्षी उंची वाढली, तसा खालचा जबडा पुढे निघाला. खालचे दात वरच्यांच्या बाहेर आले. धाकट्या भावाचे उलटे. त्याची हनुवटी मागे राहिली, वरचे दात ओठाबाहेर. एकाच आईची, एकाच भाकरीवर वाढलेली मुले. वाढत्या वयात दोन्ही जबडे एका चालीने वाढतातच असे नाही, हे पुढे बेळगावच्या एका डॉक्टरांनी सांगितले. गोष्ट एवढीच होती.

बाजारात तिचा अर्थ निराळा. आप्पासाहेब जमलेल्यांना म्हणाले, "खालचा जबडा वर चढलाय. असलं जनावर दावं तोडतंय. जातच तसली."

माणसे हसली. वडिलांनी हात जोडले. "पोरगं गुणाचं हाय, मालक."

शेजारी आप्पासाहेबांचा मुलगा उभा होता. माझ्याच वयाचा. त्याचाही जबडा तसाच पुढे आलेला. त्याच्या हनुवटीला मात्र ते घर राजबिंडी म्हणे.

मी दात मिटले. दांडा अडकला. त्यांनी हिसका दिला. चाबूक त्यांच्याच हातातून निसटला. मी तो मातीत थुंकून टाकला.

"धाकल्या मालकांचं तोंडबी ह्येनंच बघा," मी म्हणालो.

हसणे थांबले. मुलाने ओठ आवळले. मग आप्पासाहेबांनी तोच चाबूक उचलून माझ्या पाठीवर ओढला.

"पाया पड रं," वडील म्हणाले.

"न्हाय, अण्णा."

झोपडी गेली. बेळगावात खडेबाजारात आम्ही ओझी वाहिली. वडील बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. ज्याला चेहरा पाहून माणसाची पायरी ठरवायची आहे, त्याच्यापुढे मी उभा राहणार नाही. माझ्या घरातले कोणीही राहणार नाही.