सोळा लेनचा रस्ता

आमच्या यवतमाळच्या ऑफिसात माणसं तीन, पण किस्से इतके की नवा माणूस आला तर त्याचं ट्रेनिंग त्यातच संपेल!

काम काय, तर डेटा सेंटरात प्रोसेसर, मेमरी आणि एआयचं कार्ड यांच्यात डेटा सुसाट धावतो. कंपन्या वेगवेगळ्या, तरी सगळ्यांचं जुळावं म्हणून जगानं स्टँडर्ड ठरवलंय. खरंच जुळतं का, ते आम्ही तपासतो.

हेच आमच्या वंदना राठोडनं राळेगावकडच्या तांड्यावर आपल्या बाला सांगितलं. बा खुशीत म्हणाला, "आपले वाडवडील बैलावर माल लादून मुलूखभर फिरत. तू मालाचा रस्ता तपासून राह्यली. म्हंजे धंदा तोच हाय!"

आमचे लीड जोशी, वकिलांच्या घरातले. स्टँडर्डची हजार पानं पेन्सिल घेऊन वाचतात. 'शॅल' म्हणजे सक्ती, 'मे' म्हणजे मर्जी! त्यांच्या आई परवा म्हणाल्या, "वकिली नको म्हणून इंजिनिअर झालास, अन् दिवसभर कायदाच वाचून राह्यलास!"

दोन सर्व्हरनी एकच मेमरी वाटून घेतली, एकही एरर नाही, त्या दिवशी मी उड्याच मारल्या. वंदना म्हणाली, "दोन जावा, एक चूल, अन् भांडण नाही! फोटो काढा!"

पण आज हे ऑफिस चालू आहे ते एका कार्डामुळे.

नव्या बॅचचं कार्ड होतं. डेटाला सोळा लेन, पण आमच्या टेस्टिंगच्या बोर्डावर बसवलं की आठच सुरू व्हायच्या. वेग निम्मा! हेड ऑफिसनं बजावलं, "हे सुटलं नाही तर यवतमाळ बंद." वंदनानं स्लॉट बदलला, बोर्डच बदलला, सेटिंग तपासलं अन् म्हणाली, "बोर्डात खोट नाही. कार्डात हाय."

कार्डवाल्यांचा पुण्याचा एक्स्पर्ट व्हिडिओ कॉलवर हसला. "मॅडम, यवतमाळचा बोर्ड! आणखी काय होणार?"

"मंग त्याच बॅचचं कार्ड तुमच्या बोर्डावर लावून दाखवा न, सर."

त्यानं सगळ्यांसमोर ऐटीत कार्ड बसवलं. मशीन सुरू केलं. स्क्रीनवर आकडा आला. आठ!

कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. आठ!

जोशी खुर्चीतून अर्धवट उठलेले.

वंदनानं शांतपणे माइक ऑन केला.

"सर, तुमचा बोर्डबी यवतमाळचाच हाय काय?"