चार तासांचा तक्ता

नातवंडांनो,

तुम्ही इतक्या लांब आहात की फोनवर माझं बोलणं अर्धं तुटतं, म्हणून लिहून पाठवते आहे. तुमच्यातल्या थोरलीला आठवा महिना लागला. परवा तिनं विचारलं, "आजी, मला जमेल ना गं?" मी "जमेल की" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर फार घाईचं होतं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

तुमची आई माझं पहिलं बाळ. बाळंतपणाला मी सासरहून, म्हणजे अमरावतीहून, माहेरी अकोल्याला आले. कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, म्हणून बाळ वाढवायलाही एका इंग्रजी पुस्तकातून शिकले. दर चार तासांनी पाजायचं, मधे रडलं तरी उचलायचं नाही. तसा तक्ता करून मी बाजेशेजारी भिंतीवर लावला. माझ्या आईला तो पटला नव्हता. पण लेक एवढी शिकलेली, म्हणून ती गप्प राहिली.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, तर बाळ जन्माच्या वेळेपेक्षा हलकं भरलं. "आठ दिवस बघू. नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करू." मी घरी येऊन रडले. मला वाटलं, दोष माझ्याच अंगात आहे.

आम्हा मायलेकींना न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. सकाळी बाजारात मेथी-पालक विकून मग आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी न्हाऊन झाल्यावर त्यांनी बाळाला गुंडाळून माझ्याजवळ ठेवलं. बाळ मूठ चोखायला लागलं, मग रडायला.

"घ्या ना ताई. काहून रडवून राहिल्या लेकराले?"

"अजून पन्नास मिनिटं आहेत, मावशी."

"कायची?"

मी तक्त्याकडे बोट केलं. मावशींना वाचता येत नव्हतं, पण आईनं समजावून सांगितलं.

"अन् तुमाले तहान लागली, तं तुमी बी घड्याळ पाहून पानी पेता काय?"

आईला हसू आवरेना. रडता रडता मलाही आलं. मावशींनी माझ्या पाठीशी उशी सरकवली, बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं आणि आपला हात काढून घेतला. बाळ प्यायला लागलं.

"आता पुन्हा केव्हा पाजू?"

"मले काहून इचारता? तिले इचारा ना!"

तक्ता मी त्याच दुपारी काढायला लावला. पहिले दोन दिवस फार भीती वाटली. मग दिसायला लागलं, की रडण्याच्या बऱ्याच आधी ती मान वळवते, जीभ बाहेर काढते. आई दुपारभर खोलीतून हलायची नाही. अळिवाची खीर माझ्या हातात द्यायची आणि लंगोट स्वतः बदलायची. माझ्या वेळी तीसुद्धा अशीच घाबरली होती, हे तिनं मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

आठवडा संपत आला तेव्हा मावशी रोजच्यासारखं बाळाच्या कानात तेल सोडायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी इतके दिवस मी बोलले नव्हते.

"कानात नको, मावशी."

"आमी सारी लेकरं अशीच वाढवली."

"तरी नको."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तेलाची बोटं बाळाच्या टाळूवर पुसली. "घ्या! तक्ता गेला अन् वाचा फुटली बाईले."

आठ दिवसांनी वजन वाढलेलं निघालं. फार नव्हे, पण वरचं दूध लागलं नाही.

तेव्हा थोरले, पहिल्या दिवसापासून जमेल असं मी सांगत नाही. मला जमलं नव्हतं. जवळ माणसं असू देत आणि बाळाकडे बघत राहा. पटलं नाही तिथे नको म्हण, मलासुद्धा.

आई गेली, मावशीही गेल्या. अकोल्याचं घर विकलं. मावशींची सून अजून त्याच गल्लीत बाळांना न्हाऊ घालते.