कुंकू, पवित्र पाणी आणि बोनेटचे पोपडे

गाडीचा रंग सोलायला लागला तेव्हा मी चक्क हसले होते. बोनेटवर एक फुगा आला होता, तळताना पापडावर येतो तसा. नवऱ्याने त्याला नख लावलं आणि पांढऱ्या रंगाची अख्खी चकतीच त्याच्या बोटावर आली. "अगं, हे बघ!" म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मला हसू आवरेना. गाडीला अजून दोन पावसाळेही झाले नव्हते. रंगाची वॉरंटी होती. म्हटलं, एवढं काय त्यात, जा, दाखवून या, देतील रंगवून. एवढं सोपं असतं तर काय हवं होतं!

आमचं घर मुंबईजवळ गिरीजला, वाडीत. मागे केळी, बाजूला नारळ, आणि पुढच्या अंगणात गाडी. नवरा इथलाच, जन्मापासूनचा. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इथे आले. माझ्या नाकावर माशी बसलेली मला खपत नाही, आणि इथली माणसं इतकी मऊ, की सुरुवातीला मला वाटायचं हे लोक भांडतात तरी कधी! घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्या त्यांच्या वाडवळी बोलीत बोलतात. मला ती सगळी कळते, पण लिहायला बसले की हमखास चुकते. तेव्हा त्यांचं बोलणं इथे माझ्याच भाषेत सांगते.

सासरे गेल्यापासून सासूबाईंनी कुंकवाच्या करंड्याला हात लावणं सोडून दिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी थांबवलंही नव्हतं. हळदीकुंकवाला बायका घरी आल्या की या आत स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या, चहाचं बघते म्हणून. मला ते बघवायचं नाही. मी आडून बोलून बघितलं, चिडून बघितलं, काही उपयोग झाला नाही. नवी गाडी दारात आली त्या दिवशी मात्र मी करंडा सरळ त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आई, गाडीची पूजा तुम्हीच करायची. घरातलं मोठं माणूस तुम्ही." त्या मागे सरकल्या. "अगं, माझ्या हाताने नको. शुभाचं काम आहे." मग नवराही म्हणाला, "आई, तू नाही तर मग राहू दे पूजा." तेव्हा कुठे त्यांनी बोट बुडवलं, आणि बोनेटच्या मधोमध असं सुरेख स्वस्तिक काढलं की बास. रेषा अगदी सरळ. नारळ फुटला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "छान झालं हो." त्या दिवसापासून सासूबाई जरा ताठ चालायला लागल्या, असं मला तरी वाटतं. दर रविवारी त्या पुढच्या सीटवर बसून जवळच्याच पापडी गावाला बहिणीकडे जायच्या. खिडकीची काच खाली करून, म्हणजे रस्त्यातल्या सगळ्यांना दिसलं पाहिजे.

आणि फुगा आला तो नेमका त्या स्वस्तिकाच्या जागी. कुंकू धुऊन गेलं होतं, पण पांढऱ्या रंगावर फिकट गुलाबी खूण राहिली होती, तिच्याच कडेला.

नवरा गाडी घेऊन हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथला अ‍ॅडव्हायझर फार गोड बोलणारा. त्याने विचारलं, "सर, गाडीवर काही लावलं होतं का?" आता या प्रश्नाला शहाणा माणूस काय म्हणेल? नाही म्हणेल! पण आमच्या गिरीजच्या माणसांची ही खोडच आहे. विचारलं की सगळं सांगून मोकळे, न विचारलेलंसुद्धा. याने पूजा सांगितली, स्वस्तिक सांगितलं, आईने काढलं तेही सांगितलं, वर कौतुकाने तिचं वयही सांगितलं. अ‍ॅडव्हायझरने ती गुलाबी खूण बघितली, फोटो काढला आणि म्हणाला, "कुंकवात केमिकल असतं सर. हा बाहेरचा घटक झाला. वॉरंटीमध्ये नाही बसत."

बरं, हे ऐकून घेतलं ते घेतलं, घरी येऊन जेवताना जसंच्या तसं सांगायचं काही अडलं होतं का? "कुंकवाने रंग गेला म्हणतात," म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. मी समोरून डोळे वटारत होते, पण पुरुषांना डोळे कधी कळलेत! सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. नवऱ्याने सांगितलं कुंकवाचं, आणि त्यांनी ऐकलं हाताचं. हे मला त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीच्या वाऱ्यालाही उभ्या राहीनात. फाटकाकडे जायचं तर गाडीच्या बाजूने न जाता तुळशीला वळसा घालून जायच्या, पदर अंगाशी आवळून. रविवारी पापडीला रिक्षाने गेल्या. मी म्हटलं, "आई, काय हे?" तर म्हणाल्या, "गाडीत मला मळमळतं." कधी मळमळलं नव्हतं. मी एकदा स्पष्टच बोलले, की रंगाचा आणि हाताचा काय संबंध, या काळात असलं काही मनात आणू नका. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते तुला." करंडा त्यांच्या हातात देणारी मीच.

मग नवऱ्याचा वाढदिवस आला. दरवर्षी सासूबाईच त्याला ओवाळतात. सासरे गेले तरी मुलाचं औक्षण तेवढं त्यांनी सोडलं नव्हतं. कुंकवाचं बोट माझं, ओवाळणं त्यांचं, अशी आमची रीत झाली होती. या वेळी त्यांनी तबक तयार केलं, निरांजन लावलं आणि तबकच माझ्याकडे सरकवलं. "तूच ओवाळ." नवरा पाटावर बसलेला, तो बघतच राहिला. "आई?" म्हणाला. "माझा हात दुखतो," असं म्हणून त्या आत गेल्या. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी शिरा कुणी धड खाल्ला नाही. मला इतका राग आला होता, इतका राग, की तो अ‍ॅडव्हायझर समोर असता तर मी त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. रंग गेला खड्ड्यात. माझ्या सासूच्या हाताला नाव ठेवणारा हा कोण?

मी कंपनीला फोन करायला लागले. एक नंबर दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसरा पुन्हा पहिल्याकडे. प्रत्येक जण "तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" म्हणायचा आणि हात वर करायचा. दरम्यान टपावरही फुगे आले, मागच्या दारावर आले. मी म्हटलं, टपावर कोण स्वस्तिक काढायला चढलं होतं? तर म्हणे, "एका ठिकाणाहून पसरतं, मॅडम." खरं सांगते, एकदा माझ्याही मनात पाल चुकचुकली. कुंकवात असेलही काही, कुणी सांगावं.

शेजारच्या दादांची गाडी अगदी आमच्यासारखीच, तीच कंपनी, तोच पांढरा रंग. दादा आणि माझा नवरा लहानपणापासूनचे मित्र, दोघांनी मिळूनच गाड्या बुक केल्या होत्या. दादा ख्रिश्चन. आमच्याकडे नारळ फुटला त्याच आठवड्यात त्यांच्या गाडीला फादर येऊन आशीर्वाद देऊन गेले होते. पण हल्ली कित्येक दिवस त्यांची गाडी कव्हर घालून ठेवलेली. एकदा मी अळूची पानं द्यायला गेले आणि सहज विचारलं, "दादा, सावलीतल्या गाडीला कव्हर कशाला?" दादा एकदम गडबडले. "अहो वहिनी, पक्षी... चिकूवर पक्षी येतात ना." मला ते काही पटेना. मी सरळ गेले आणि कव्हर उचललं.

अगं बाई! बोनेट सोललेलं. टप सोललेला. आमच्यापेक्षा जास्त!

"दादा, बोलला का नाहीत?"

दादांचा चेहरा लाजेने लाल. त्यांनाही तोच प्रश्न विचारला होता, गाडीवर काही लावलं होतं का. आणि दादाही अस्सल गिरीजचेच! त्यांनी सांगून टाकलं की फादरनी पवित्र पाणी शिंपडलं होतं, आणि वर भर घातली की त्या पाण्यात आशीर्वादाचं मीठही असतं. झालं! "खारं पाणी, बाहेरचा घटक." दादा मला म्हणाले, "फादरच्या पाण्याने रंग गेला, हे मी कुठल्या तोंडाने कुणाला सांगू? फादरच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल?" म्हणून बिचारे मूग गिळून बसले होते, गाडीवर पांघरूण घालून.

मी तिथेच पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. दादांच्या घरातून वहिनी बाहेर आल्या, त्यांना सांगितलं, त्याही हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी इतकं मोकळं हसले असेन.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही गाड्या घेऊन आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. दादा जाताना सारखे म्हणत होते, "वहिनी, भांडण नको हां." मी म्हटलं, "भांडण नाही करत, फक्त बोलते." गाड्या दारातच शेजारी शेजारी लावायला सांगितल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना नीट दिसतील अशा. अ‍ॅडव्हायझर धावत आला. मी म्हटलं, "ही आमची. हिला कुंकू लागलंय. ही यांची. हिला पवित्र पाणी लागलंय. रंग दोघींचा सारखाच गेलाय. आता मला सांगा, आमचा देव आणि त्यांचा देव दोघं मिळून तुमच्या कंपनीच्या मागे लागलेत का?"

अ‍ॅडव्हायझरची ततपप झाली. बाकावर बसलेला एक माणूस खो खो हसला. आवाज ऐकून आतून कंपनीचे साहेब आले, मुंबईहून तपासणीला आले होते, हे आमचं नशीब. माणूस शांत होता. त्याने दोन्ही गाड्यांना फेरी मारली. मग मागच्या दाराच्या अगदी खालच्या कडेला, जिथे ना कुंकू पोचलं होतं ना फादरांचं पाणी, तिथे चिकटपट्टी लावली आणि खस्सकन ओढली. रंग पट्टीबरोबर आला. दादांच्या गाडीला तसंच केलं, तिचाही आला. साहेबांनी पट्टी अ‍ॅडव्हायझरसमोर धरली आणि म्हणाले, "रंग पत्र्याला धरलेलाच नाही. फॅक्टरीतला दोष आहे. दोन्ही गाड्या पूर्ण रंगवून द्या, वॉरंटीत." माझ्याकडे वळून म्हणाले, "सॉरी मॅडम. हे आधीच व्हायला हवं होतं."

दादांनी क्रूसाची खूण केली. नवरा खूश होऊन साहेबांचा हात हलवत सुटला. मी म्हटलं, "थांबा. एक काम राहिलंय." मी घरी फोन लावला आणि फोन साहेबांपुढे धरला. "माझ्या सासूबाई आहेत. हे जे आम्हाला सांगितलंत, ते त्यांना सांगा."

साहेब जरा गोंधळले, पण बोलले. "आजी, नमस्कार. तुमच्या गाडीचा रंग आमच्याकडूनच खराब आला होता. कुंकवाने काही झालेलं नाही."

पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "आणि हाताने?"

"कुणाच्या हाताने, आजी?"

"माझ्या. मी काढलं होतं ते."

साहेबांना काही कळलं नाही. कसं कळणार! ते म्हणाले, "हाताचा काय संबंध आजी? कुणीही काढलं असतं तरी रंग गेलाच असता." साधंच बोलले. मी इतके दिवस हेच सांगत होते, पण मी सून, मी समजूत घालणार हे त्यांना ठाऊक. हा तिऱ्हाईत माणूस, त्याला त्यांची समजूत घालायचं काही कारणच नव्हतं. नवरा माझ्या बाजूला उभा होता. त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला.

अ‍ॅडव्हायझर म्हणाला, गाडी आत्ताच ठेवून जा, लगेच कामाला घेतो. आता भारी घाई! पण फोनवरून सासूबाईंचा आवाज आला, "ठेवू नका म्हणावं. रंग मागाहून. आधी गाडी घरी आणा, मला पापडीला जायचंय." रविवार नव्हता काही नव्हता.

आम्ही आलो तेव्हा त्या नेसून तयार, अंगणात उभ्या. तुळशीला वळसा न घालता सरळ गाडीपाशी आल्या. बोनेटवर तळहात टेकवला, तसाच ठेवला थोडा वेळ. मग त्यांनी एका सुटलेल्या पोपड्याखाली नख घातलं, टरकन सोलून काढला, उजेडात धरून उलटसुलट बघितला आणि नाक मुरडलं. "शी! अगदीच हलका माल," म्हणाल्या, आणि मुलाने उघडलेल्या दारातून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.