दात हलतोय का, काका?

चूक माझ्या बापाची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी माझ्याकडे बघायला नको!

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. आता मालाडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसतो. काम एकच. भूल द्यायच्या आधी पेशंटचं तोंड बघायचं. कवळी काढून घ्यायची, हलणारा दात फॉर्मवर लिहायचा. घशात नळी घालताना असा दात तुटला तर थेट श्वासनळीत! भुलीच्या मॅडमनी बजावलंय, "एक दात लिहायचा राहिला, तर तू घरी."

सोपं ना? पण म्हातारी माणसं पोलिसांशी बोलणार नाहीत इतकं खोटं दातांबद्दल बोलतात. मग किस्से साठतात, थिएटरबाहेर चपला साठतात तसे.

*

एक रिटायर्ड हेडमास्तर. "सगळे माझेच दात." कवळी तर समोर दिसतेय! शेवटी कानात म्हणाले, "सुनेला बाहेर पाठव."

पाठवलं. कवळी डबीत टाकतायत, तोच सून दाराबाहेरून ओरडली, "बाबा, निळी डबी घ्या, हिरवी गळते!"

*

कणकवलीच्या आजी, बोरिवलीला मुलाकडे आलेल्या. पुढचा एकच दात, तोही झुलणारा. मॅडमनी त्याला दोरा बांधला, निसटला तर ओढून काढता यावा म्हणून.

आजी भडकल्या, "गो बाय, माझो दात काय बोकड हा, बांधून ठेवूक?"

शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "बोकड हा मा जाग्यार?"

*

आणि मग बाबा. हर्नियाचं ऑपरेशन. चाळीत कुणाचीही हळद असो, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं दाताने उघडणार तर हेच!

तपासायला मी वॉर्डातच गेलो, बोट लावलं. वरचा पुढचा दात चक्क हलत होता. लिहिलं. बाबांनी फॉर्म ओढला आणि ते खोडलं.

"आधी इंजिनिअर हो, मग माझे दात मोज!"

अख्खा वॉर्ड हसला.

"बाबा, माझी नोकरी जाईल."

"दाराशी बसतोस, त्याला नोकरी म्हणतात?"

माझं डोकं सटकलं. "पक्का आहे ना? मग दाखवा!"

शेजारच्या खाटेपाशी एका नातेवाइकाच्या हातात सोड्याची काचेची बाटली. बाबांनी हिसकावली, दातात धरली.

फट्ट!

झाकण उडालं. मॅडम धावत आल्या, वाकल्या, कापसात काहीतरी उचललं. मग माझा फॉर्म वाचला.

"खोडलंय ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हलणारा दात नाही. रक्त थांबलं की घ्या आत."

हर्निया बरा झाला. बाबांचा वरचा, पुढचा, डावीकडचा दात गेला.