सोळा घंट्यांची आत्या

नांदुरा स्टेशनवरून निघाले तेव्हा मी साडीखाली पांढरेशुभ्र बूट घातले होते. वय अठ्ठावन्न, आणि तोरा असा की विमान जणू मीच हाकणार. मुलाकडे न्यू जर्सीला चालले होते, नात सांभाळायला. धाकटा भाऊ सुधाकर खिडकीचा गज धरून डोळे पुसत होता. मी त्याला झापलं, "रडून काऊन राह्यला बे? मुंबई ते न्यूयॉर्क, सोळा घंट्याचं तं काम हाये."

मुलानं फोनवर दाखवलं होतं: साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. मी ते गावभर वाटलं. खामगावच्या भाजीवालीलाही सोडलं नाही. तेव्हाची ती बूटवाली मी आज समोर आले, तर माझेच कान उपटीन.

दोन वर्षांनी सुधाकरच्या मुलाला मुलगी झाली. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून बारशात आत्याचा मान माझा. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते मीच. नाव ठरवलं, तिकीट काढलं. तेवढ्यात भाच्याची सुट्टी बदलली आणि बारसं पंधरा दिवस अलीकडे आलं. सुधाकरनं फोन केला की परवा दुपारी पाळणा, सोळा घंट्यात येशीन नं? बुलढाण्याची बस धरून यावं, इतक्या सहज विचारलं त्यानं. तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? मी म्हटलं, हाव.

तिकीट बदलून निघाले. मेल्या त्या फोनला विचारा, घरापासून विमानतळाचे दोन तास कुठं गेले? तिथं तीन तास आधी बसवून ठेवतात, ते? मुंबईत शिक्क्याची रांग, सामानाचा पट्टा, मग कल्याणला पोचते तर गाडी निघून गेलेली. पुढची संध्याकाळी. विमानात बसलेल्या माणसाला नांदुऱ्याला उतरायचं असतं, हे त्या नकाशावाल्याच्या गावीही नाही.

सकाळी घरात पाय ठेवला तर पाळण्याची फुलं सुकलेली. चुलत बहीण कमलनं आत्या होऊन नाव ठेवलं होतं. मी अंगणातच तोंड सोडलं. माझ्यासाठी एक दिवस थांबवला नाही पाळणा? सुधाकर शांतपणे म्हणाला, "दिवे लागेपर्यंत थांबलो, ताई. सोळा घंटे तूनंच सांगतले होते."

मी पाणी मागितलं.

तेव्हापासून इथं न्यू जर्सीत कुणी सोफ्यावर रेलून "इंडिया काय, सोळा तासांवर" म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझ्यासारख्या पोरांमागे आलेल्या बायांनो, हा आकडा मागे राहिलेल्यांना सांगू नका. ती भोळी माणसं दाराशी उभी राहून तो मोजतात.

ती पोरगी आता सहा वर्षांची आहे. कमलनं ठेवलेल्या नावाला बिनधास्त ओ देते. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आत्याआजी, तू माह्या कानात कोनतं नाव सांगनार होती?" मागून सुधाकर ओरडला, सांग की, आम्हालेही कळू दे.

मी सांगितलं नाही. इथं मुलाला, सुनेलासुद्धा सांगितलेलं नाही. नांदुऱ्यातलं माझं घर आता त्या पोरीच्या कानाएवढं उरलंय, आणि तिथवर फोनचा स्पीकर पोचत नाही. "येते," म्हटलं. किती घंट्यात, ते तिनं विचारलं. मी फोन ठेवला.