लाल बटण

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत ब्रेकचे लायनर तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथलं मशीन मी चालवते, काचेच्या केबिनमध्ये बसून. पलीकडच्या खोलीत चाक फिरतं, मी लावून दिलेल्या हिशेबाने संगणक ब्रेक दाबतो, लायनर तापतं, निवलं की पुन्हा तेच. चाचणी मध्येच बंद पडली की झालेलं सगळं वाया जातं, म्हणून जागा सोडायची सोय नाही. दिवसभरात माझ्याशी बोलतो तो मशीनचा भोंगा, आणि तोही फक्त कुरकुरायला.

आई गेल्यापासून बाबा हिमायतनगरला एकटे आणि मी इथे एकटी. माझ्याकडे राहायला या म्हणून मी त्यांच्या मागेच लागले होते. बघू, बघू करत यंदा उन्हाळ्यात आले. चार दिवस राहून बघतो, करमलं तर कायमचं राहीन, म्हणाले. खोलीवर कंटाळतील म्हणून साहेबांना विचारून मी त्यांना केबिनमध्ये आणलं. शेजारच्या खुर्चीत आपलं माणूस बसलंय याचंच मला इतकं अप्रूप, की पडद्यावरचा प्रत्येक आकडा समजावत सुटले.

बाबांची सगळी हयात एसटी चालवण्यात गेली. दुपारी लायनर सगळ्यात जास्त तापवायचा टप्पा आला. जळका वास केबिनमध्ये शिरला, तसे बाबा ताडकन उठले आणि मी हात धरायच्या आत त्यांनी समोरचं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं.

"लायनर जळून राहिलं होतं ना," ते म्हणाले. शाबासकी मिळेल असं त्यांना वाटत होतं.

जाळायलाच लावलंय ते, मी फटकन बोलले. माझा राग असा, आधी तोंडातून निघतो, मग डोक्यात शिरतो. बाबांनी खुर्ची पार भिंतीपर्यंत मागे सरकवली आणि हात मांडीखाली दाबून बसले. मला गलबलून आलं. पण चाचणी पहिल्यापासून लावायची होती, ती लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. मी लई विनवलं, पण ऐकेनात. स्टँडवर नांदेडची गाडी लागलेलीच होती.

"तुझ्या कामात माझी अडचणच हाय," ते म्हणाले.

"रोज दाबा ते बटण, बाबा. पण राहा."

ते हसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत चढले. खिडकीतून म्हणाले, "जा आता. मशीन वाट बघत असंल."

लातुरात माझी वाट बघणारं तेवढंच होतं.